बटणाआधीचे दहा सेकंद

गुरुवारच्या वर्गात मगदूम सरांना आता बोलावं लागत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते बरंच वाटे.

मिरजेतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर वेदना विभाग होता. तिथल्या लांबट खोलीत दर गुरुवारी दुपारी तीन वाजता बारा माणसं खुर्च्या मांडून बसत. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाचं ऑपरेशन होऊनही न थांबलेलं दुखणं. पूर्वी सर त्यांच्यासमोर बसून पंचेचाळीस मिनिटं बोलायचे. म्हणजे बोलायचे कमी आणि थांबायचे जास्त. "श्वास येतोय, तिकडं लक्ष असू द्या. मन कुठं गेलं असेल तर गेलं, रागावू नका. कळलं ना, की गेलं होतं? मग हळूच परत या." एवढंच त्यांनी चौतीस वर्षं वेगवेगळ्या चालींवर म्हटलं होतं. त्यावरच नोकरी झाली, त्यावरच डॉक्टरेट मिळाली, त्यावरच दोन पुस्तकं निघाली. त्यांतलं दुसरं आपण उगाच लिहिलं, असं त्यांना अजूनही वाटत असे. पहिल्याबद्दलही खात्री नव्हती.

आता बाराही जणांच्या डोक्याला पट्टी असे. बोटभर रुंद, राखी रंगाची, कपाळावरून जाऊन दोन्ही कानांमागे टेकणारी. सरांसमोरच्या पडद्यावर बारा हिरवे ठिपके दिसत. कुणाचं मन सुटायला लागलं की त्याचा ठिपका पिवळा होई, आणि सरांनी तोंड उघडायच्या आत पुन्हा हिरवा. सरांच्या वाट्याला दोनच शब्द उरले होते. सुरुवातीला "बसा" आणि शेवटी "झालं".

त्या गुरुवारी "झालं" म्हटल्यावर अकरा जण उठून गेले आणि बारावा तसाच बसून राहिला. हबीब सतारमेकर. वय एकसष्ट, धंदा तंबोरे बनवण्याचा. चाळीस वर्षं मांडी घालून काम केल्यानं कंबरेचे मणके झिजले होते. तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा त्याला या खुर्चीत दहा मिनिटंही बसवत नव्हतं.

त्यानं पट्टी काढली, रुमालानं पुसली आणि सरांसमोर टेबलावर ठेवली.

"डॉक्टरसाब, ही तुमची तुम्हाला."

"का हो? टोचते?"

"न्हाई टोचत. चांगली आहे. कंबर तर अशी झाली बघा, जशी दुसऱ्या कुणाची."

"मग?"

हबीबनं मान खाली घातली. "माझ्या हातनं जवारी बिघडायला लागली."

मिरजेत राहून सरांना जवारी माहीत होती, पण ऐकून माहीत होती. हबीबनं नीट समजावलं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाचा एक चपटा तुकडा बसवतात, ती घोडी. तारा तिच्यावरून जातात. तिचा माथा कानशीनं केसाकेसानं घासून अशी गोलाई आणायची, की तार तिच्यावर पुरती टेकत नाही आणि पुरती सुटतही नाही. तंबोऱ्याचा तो भरून राहणारा गुंजारव त्यातून निघतो. कानस एकदा जास्त फिरली की आवाज मेला. घासलेलं हाड परत चढवता येत नाही.

"तीन महिन्यांत सात घोड्या बाद," हबीब म्हणाला. "साऱ्या उमरीत सात झाल्या नव्हत्या."

"कामात लक्ष लागत नाही का?"

"उलटं हो! लक्ष लई आहे. एवढं लक्ष माझं माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं. पण थांबायचं कुठं, ते कळंना झालंय."

"पूर्वी कसं कळायचं?"

हबीबनं दाराकडे बघून घेतलं. "हसणार नसाल तर सांगतो. चाचा सांगायचे."

"चाचा म्हणजे तुमचे उस्ताद? अजून आहेत?"

"कसले आहेत! अठरा वर्षं झाली मातीआड जाऊन. पण घासता घासता माझं मन जायचं हो कुठंतरी. कुठं ते विचारू नका. आणि मधेच चाचांचा खाकरा ऐकू यायचा. मी जास्त घासायला लागलो की ते असे खाकरायचे, तोंडानं बोलायचे न्हाईत. खाकरा आला की हात थांबला. बास."

"आणि आता येत नाही?"

"मुद्दाम आठवलं तर येतात की. फोटोत बसल्यासारखे बसतात समोर. पण आपणहून येत न्हाईत." त्यानं पट्टी आणखी थोडी पुढं सरकवली. "मला ते हवेत, डॉक्टरसाब. कंबर दुखली तर दुखू दे. येतील का परत?"

सरांनी चौतीस वर्षांच्या सवयीनं मान हलवली आणि म्हणाले, "बघू." हा शब्द त्यांनी अनेकांना दिला होता. हबीब जिना उतरून गेला, तरी आपण काय बघणार आहोत, हे त्यांना सुचलं नाही.

रिकामा बसलेला मेंदू रिकामा नसतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वी कळलं होतं. हातात काम नसलं की मेंदूतले काही ठरावीक भाग एकमेकांशी बोलू लागतात. कालचं भांडण, उद्याची चिंता, शाळेतली जागा, मेलेली माणसं, असं सगळं तिथून वर येतं. बहुतेक दुःख यातूनच वाढतं, हेही खरं. दुखणारी कंबर जेवढी दुखते त्याहून जास्त तिचा विचार दुखतो. म्हणून तर सजगतेचे वर्ग निघाले. मन गेलं, हे ओळखायचं आणि त्याला परत आणायचं. हजार वेळा गेलं तर हजार वेळा.

पट्टीनं हे काम सोपं केलं. मन सुटायच्या बेतात असलं की कपाळामागच्या विजेच्या लहरींत एक विशिष्ट चाल उमटते. पट्टी ती चाल ओळखते आणि कानामागच्या एका मज्जातंतूला मुंगी चालल्यासारखा स्पर्श देते. मन जागच्या जागी राहतं. माणसाला पत्ताही लागत नाही. रोज वीस मिनिटं असं सहा-आठ आठवडे झालं की मेंदू स्वतःच शिकतो, आणि पट्टी काढून ठेवली तरी उरलेला दिवस स्वच्छ जातो. राज्यातल्या एकतीस रुग्णालयांत वेदनेच्या गोळ्या निम्म्यावर आल्या होत्या. आकडे खोटे नव्हते. सरांनी स्वतः तपासले होते.

तपासायला हवेच होते, कारण पट्टीला ती चाल ओळखायला शिकवलं होतं सरांनीच.

दहा वर्षांपूर्वी बंगळूरचा एक अभियंता त्यांच्याकडे आला होता. यंत्राला शिकवायचं तर आधी कुणी तरी सांगायला हवं, की हे बघ, या घडीला मन भटकलेलं आहे. ते कोण सांगणार? सरांनी आपले चाळीस जुने साधक गोळा केले, सांगली-कोल्हापूरकडचे, वर्षानुवर्षं बसणारे. प्रत्येकाच्या डोक्याला लहरी नोंदवणारं यंत्र, हातात एक बटण. मन भटकलं हे लक्षात आलं की दाबायचं. माणसं प्रामाणिक होती. वीस मिनिटांत चाळीस-चाळीस वेळा दाबत होती. अभियंत्यानं विचारलं, "सर, बटण दाबलं म्हणजे त्या क्षणी लक्षात आलं. भटकणं त्याआधी सुरू झालं असणार. किती आधीपासून धरू?" सरांनी खिडकीबाहेर बघून थोडा विचार केला होता आणि म्हणाले होते, "दहा सेकंद धरा."

त्या दहा सेकंदांवर सगळी पट्टी उभी होती.

शनिवारी सकाळी मृदुला आवटी आली. सरांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी, आता राज्याच्या मानसिक आरोग्य प्रकल्पाची प्रमुख. हातात भडंगाचा पुडा आणि बगलेत फाइल.

"सर, घरात काही खायला असतं की नाही, मला शंका आहे. म्हणून हे आधी, आणि सही नंतर."

"लाच आहे का ही?"

"तुम्ही लाच घेणारे असता, तर एवढ्या वर्षांत श्रीमंत झाला असता," ती हसली आणि स्वयंपाकघरात जाऊन आपणच चहा टाकून आली. सरांच्या पत्नी सुनंदाबाई गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ती आली की असंच करायची.

फाइल शाळांची होती. जूनपासून चारशे शाळांत, सहावी ते नववीच्या मुलांना रोज वीस मिनिटं पट्टी. मूळ प्रयोगाचे प्रमुख म्हणून सरांची संमती हवी होती, सोमवारपर्यंत.

सरांनी तिला हबीबची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांना स्वतःलाच ती फार बारीक वाटली. एक म्हातारा, सात घोड्या, एक खाकरा. मृदुलानं मात्र नीट ऐकून घेतलं.

"वाईट वाटतं, सर. खरंच. पण त्यांच्या कंबरेचं दुखणं दहापैकी आठावरून दोनवर आलं ना? गेल्या वर्षी आपल्याकडे परीक्षेच्या धास्तीनं किती मुलांनी जीव दिला, तुम्हाला आकडा सांगू?"

"माहीत आहे मला."

"मग एका खाकऱ्यासाठी?"

"खाकऱ्यासाठी नाही गं." सर शब्द शोधत राहिले. वर्गात त्यांना शब्द सापडत. घरात, जवळच्या माणसासमोर, कधीच नाही. "पट्टीला चिंता कळते आणि चाचा कळत नाहीत. दोन्ही तिला सारखेच दिसतात."

"सारखेच आहेत की! तुम्हीच शिकवलंत. आलेल्या विचाराला चांगला म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. कुठला विचार, विचारायचंसुद्धा नाही. पहिल्याच वर्गात तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं. माझ्या वहीत आहे अजून."

"हो," सर म्हणाले. "म्हणून तर आपण कुणालाच विचारलं नाही."

मृदुलानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सर, तुम्ही दमलाय. पट्टी लावताय ना रोज?"

"लावतो."

"मग झालं तर. सोमवारी फोन करते."

सर पट्टी लावत होते हे खरं होतं. सुनंदा गेल्यावर पंधराव्या दिवशी त्यांनी ती पहिल्यांदा लावली. तोवर घरात कुठंही बसलं की ती यायची. भाजी चिरताना यायची, शेवटच्या महिन्यातल्या त्या सुजलेल्या पायांनी यायची, आणि सर उभ्या जागी खाली बसायचे. चौतीस वर्षं शिकवलेलं त्यांच्या स्वतःच्या कामाला आलं नव्हतं. पट्टी आली. दोन महिन्यांत ते नीट जेवू-झोपू लागले. लोक म्हणाले, सर सावरले. सरांनाही तसंच वाटलं.

रविवारी दुपारी त्यांनी कपाटातून जुना संगणक काढला आणि त्या प्रयोगाच्या फाइली उघडल्या. साधक चाळीस होते, पण पट्टीच्या कामी एकोणचाळीसच आले होते. सतरा क्रमांकासमोर त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं होतं. 'वगळावा. झोप लागली असावी.'

सतरा क्रमांक म्हणजे सुनंदा. त्या दिवशी इचलकरंजीचा एक साधक आलाच नाही, म्हणून संख्या भरायला तिला बसवलं होतं. बाकीच्यांनी चाळीस-चाळीस वेळा बटण दाबलं. तिनं वीस मिनिटांत फक्त दोनदा. घरी येताना रिक्षात सरांनी विचारलं होतं.

"दोनदाच? झोपलीस की काय?"

"झोपेन कशाला? चांगली जागी होते."

"मग मन कुठंच गेलं नाही?"

"गेलं कुठं? आई आली होती."

"अगं, मग बटण नाही का दाबायचं?"

"अहो, आई आल्यावर बटण कसं दाबायचं? बरं दिसतं का ते?"

सर एवढे हसले होते की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. पुढं दोन वर्षं ते हा किस्सा व्याख्यानांत सांगत. सभागृह हमखास हसायचं. सुनंदा पहिल्या रांगेत असली तर तीही हसायची.

आता पडद्यावर तिच्या मेंदूच्या लहरी होत्या. सरांनी बाकीच्या एकोणचाळीसांशी त्या ताडून पाहिल्या. चाल तीच. तेच भाग, तेच बोलणं. फरक एवढाच, की बाकीच्यांच्या लहरींत दहा-बारा सेकंदांनंतर एक टोकदार उंचवटा होता. आपण गेलो होतो हे कळल्याचा, आणि त्यासरशी परत फिरल्याचा. सुनंदाच्या लहरींतही तो उंचवटा होता, पुन्हा पुन्हा होता. तिला प्रत्येक वेळी कळत होतं. कळूनही ती आईपाशी बसून राहत होती, आणि मग आपल्या वेळेनं उठून येत होती.

ती झोपली नव्हती. कदाचित त्या चाळिसांत तिचंच बरोबर होतं. 'कदाचित' हा शब्द सरांनी मनात दोनदा म्हटला, कारण शास्त्रात एका माणसावरून काही ठरत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं होतं.

पण दुसरी गोष्ट ठरत होती. आयुष्यभर त्यांनी सांगितलं होतं, मन गेलं तरी बिघडत नाही. गेलं होतं हे कळणं, तोच सगळा व्यायाम. आणि पट्टी बटणाआधीच्या दहा सेकंदांतच येऊन मनाला धरत होती. कळायची वेळच येऊ देत नव्हती. तिनं जाणं काढून टाकलं, त्याबरोबर कळणंही. हिरव्या ठिपक्यांची ती बारा माणसं सजग नव्हती. फक्त जागच्या जागी होती.

सरांनी डोळे मिटून सुनंदाला आठवलं. ती आली. निळ्या काठाची साडी, हसरा चेहरा, भिंतीवरच्या फोटोतली. त्यांनी वाट बघितली. फोटो हलला नाही. दोन वर्षांत ती एकदाही आपणहून आली नव्हती, आणि याला आपण सावरणं म्हणत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. रिक्षातली ती आठवणसुद्धा फाइल उघडली म्हणून आली होती.

सोमवारी मृदुलाचा फोन आला तेव्हा पत्र लिहून तयार होतं.

"सही?"

"सही आहे, पण तुझ्या कागदावर नाही. मूळ प्रयोगात चूक आहे, आणि ती माझी आहे, सतरा क्रमांकाच्या साधकाला वगळायला नको होतं, असं पत्र लिहिलंय. समितीला पाठवतोय."

मग ती म्हणाली, "सर, एकतीस रुग्णालयं आहेत. हजारो माणसं दुखणं विसरून कामावर गेलीत. त्यांना काय सांगू? आमच्या सरांना एक साधक आठवला?"

"दुखणाऱ्यांना पट्टी असू दे. त्यांनी समजून-उमजून घ्यावी. पण काय देऊन घेतोय हे त्यांना कुणी सांगितलंय? हबीबला मी सांगितलं नव्हतं. आणि मुलांचं तर, मृदुला, त्यांच्याकडे अजून काही साठलेलंच नाही. काय गेलं हेसुद्धा त्यांना कळणार नाही."

"तुमची खात्री आहे?"

"नाही," सर म्हणाले. "कधीच नसते. पण सही करायला खात्री लागते. न करायला शंका पुरते."

"हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. सरांच्या लक्षात आलं की ती रागावलेली नाही, घाबरली आहे. तिनंही सगळी कारकीर्द याच दहा सेकंदांवर बांधली होती.

"मी हसलो होतो ना, तेव्हाच सुचायला हवं होतं," सर म्हणाले. तिला ते कळलं नाही, आणि त्यांना समजावता आलं नाही.

समितीनं शाळांचा कार्यक्रम 'तांत्रिक फेरतपासणीसाठी' वर्षभर पुढं ढकलला. रुग्णालयानं सरांचे आभार मानले आणि गुरुवारचा वर्ग यापुढं कुणावाचूनही चालेल असं ठरवलं. शालही दिली. वर्तमानपत्रात एका तज्ज्ञानं लिहिलं, की वयोवृद्ध संशोधकांना स्वतःच्याच यशाचा कंटाळा येतो. सरांनी ते दोनदा वाचलं. तज्ज्ञाचं थोडं बरोबर असेल, असं त्यांना वाटलं.

पट्टी काढणं सोपं होतं. पण शिकलेला मेंदू विसरणार कधी, विसरणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. तसा प्रयोगच कुणी केला नव्हता. आता तो करायला दोघं होते, सर आणि हबीब.

"म्हणजे तीन महिने मन आणायला शिकवलंत," हबीब म्हणाला, "आणि आता घालवायला?"

"घालवायची पद्धत नाही माझ्याकडे. कुणाकडेच नाही. मला वाटतं, कंटाळा येऊ द्यायचा."

"कंटाळा? डॉक्टरनं सांगितलेला?"

"तांदूळ निवडा. उगाच चालत जा. बायको काहीतरी लांबण लावून सांगत असेल तर ऐकत बसा."

"ते औषध घरात भरपूर आहे," हबीब म्हणाला.

आठवडे गेले. सर स्वतः रोज वाटीभर शेंगदाणे सोलत बसत. शेंगदाणे सोलून होत, मन जिथल्या तिथं. हबीबची कंबर मात्र तिसऱ्याच आठवड्यात परत आली. त्याला बसताना भिंतीला धरून बसावं लागे. सरांना अपराधी वाटे. चाचा आलेच नाहीत तर या माणसाकडे दुखणंच तेवढं उरणार होतं, आणि ते आपण दिलेलं.

एकदा मृदुलाचा निरोप आला. तीन ओळींचाच होता. 'एकोणचाळीसांपैकी सव्वीस जण सापडले. बटण दाबलंत तेव्हा मन कुठं होतं, असं विचारतेय. एकालाही आठवत नाही.' खाली नाव नव्हतं. सरांनी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी 'येऊन जा' एवढंच पाठवलं.

अकराव्या आठवड्यात हबीबनं बोलावलं. एका जुन्या गाणाऱ्या बाईंचा तंबोरा आला होता. घोडी नवी घालून जवारी काढायची होती. "एकटा बसायला धीर होत न्हाई," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं बसा. बोलू नका मात्र."

वाद्यांच्या गल्लीतलं त्याचं दुकान म्हणजे एक खोल, अरुंद खोली. आढ्याला सुकवायला टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा, सरसाचा वास. सर एका पाटावर भिंतीला टेकून बसले. दुपारचं ऊन उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. हबीबनं कण्हत मांडी घातली, तंबोरा समोर घेतला, आणि कानस फिरवायला लागला. दोन हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची. पुन्हा दोन हात. आवाज आधी कोरडा होता, चिरका, मग हळूहळू त्यात काहीतरी भरायला लागलं. सरांना त्यातलं फारसं कळत नव्हतं. खर्र, खर्र. तार. खर्र, खर्र. तार.

कानस थांबली.

हबीब तसाच बसून होता, हात घोडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. मग तो दचकला.

"या अल्ला! मेथी!"

सरांनी बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "काय झालं? चाचा आले?"

"चाचा कसले! बायकोनं सकाळी सांगितलं होतं, मेथी पाठवून दे म्हणून. विसरलोच की. आता संध्याकाळी माझी जवारी काढणार ती." तो हसायला लागला, हसताना कंबरेत कळ आली म्हणून कण्हला. हाताखाली बघत राहिला. "डॉक्टरसाब. मी गेलो होतो की हो."

"हो."

"हात आपणहून थांबलाय."

त्यानं चारही तारा चढवल्या, गंभीरपणे, घाई न करता. खुंट्या पिळल्या, सूर मिळवायला मणी सरकवले. सर बघत होते. हबीबच्या मागं दाराची चौकट होती, आणि दारात सुनंदा उभी होती. निळ्या काठाची साडी वगैरे काही नाही. कुठल्याशा लग्नाला निघताना चपलेत खडा गेला होता, आणि एका पायावर उभी राहून ती चप्पल झटकत होती, तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या खांद्याला धरून. "थांबा हो," ती म्हणत होती, "सारखी घाई काय?" चेहराही दिसत नव्हता तिचा, खाली वाकल्यामुळे. नुसता हाताचा भार होता, डाव्या खांद्यावर. तिच्या अंगाचा सगळा तोल त्या पाच बोटांत होता, आणि सर हलले नाहीत.

"डॉक्टरसाब?"

सरांनी वर बघितलं. हबीब त्यांच्याकडे बघत होता, डोळे भरलेले, बोटं तारांवर. तारांतला आवाज विरून चालला होता.

"कसा लागला? सांगा की."

चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना हेच शिकवलं होतं, समोर जे आहे त्याला हजर राहा म्हणून. सरांनी डाव्या खांद्यावर हात ठेवला.

"परत वाजवा," ते म्हणाले. "मी इथं नव्हतो."